एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी फिल्टर उघडून बघा

मे महिना लागला की आमच्या देगलूरमध्ये एसीवाल्यांचे फोन लागत नाहीत. लागला तर "उद्या येतो" असं उत्तर मिळतं आणि तो उद्या चार दिवसांनी उगवतो. बाहेर ४२-४३ अंश, वरचा स्लॅब तापलेला, घरात म्हातारी माणसं. अशा वेळी एसी थंड करेनासा झाला की माणूस मेकॅनिकच्या कुठल्याही म्हणण्याला हो म्हणतो. मीही म्हणालो होतो. मेकॅनिक आला, "गॅस कमी झालाय" म्हणाला, तासाभरात काम केलं आणि अडीच हजार घेऊन गेला. एसी मस्त थंड करू लागला, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. या वेळी मेकॅनिक मिळेना म्हणून मी सहज पुढचं झाकण उचललं. आतल्या जाळीवर राखाडी रंगाची गोधडीच बसली होती. जाळी धुतली, वाळवली, परत लावली आणि त्याच रात्री खोली गार झाली. मग डोक्यात प्रकाश पडला. आदल्या वर्षी मेकॅनिकने गॅस भरता भरता जाळीही धुऊन दिली होती. थंडावा जाळीने आणला होता आणि पैसे मी गॅसचे मोजले होते. त्यानंतर आजपर्यंत या एसीत गॅस भरावा लागलेला नाही.

म्हणून हा लेख. फिल्टर कसा साफ करायचा हे तर सांगतोच, पण एसी थंड न करण्याचं कारण फिल्टर आहे की खरोखर गॅस, हे घरबसल्या कसं ओळखायचं तेही सविस्तर बघू.

जाळी तुंबली की आत नेमकं काय होतं

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा तो वरच्या बाजूने ओढतो, जाळीतून पार करतो, मागच्या थंडगार कॉईलवरून फिरवतो आणि खालच्या झडपेतून परत खोलीत सोडतो. कॉईल म्हणजे तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यांच्यावर बसवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे. त्या नळ्यांमधला गॅस खोलीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो आणि भिंतीपलीकडच्या आउटडोअर युनिटमध्ये नेऊन बाहेर टाकतो.

आता जाळी तुंबली तर कॉईलवरून हवाच कमी जाते. उष्णता पोचत नाही, त्यामुळे कॉईल गरजेपेक्षा जास्त थंड पडते. शून्याच्या खाली गेली तर हवेतली वाफ तिच्यावर गोठते, बर्फाने पत्र्यांमधली जागा बुजते आणि हवा आणखी कमी होते. एसी बंद केला की तो बर्फ वितळतो आणि इनडोअर युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळतं. "एसी गळतोय" म्हणून येणाऱ्या तक्रारींमागे हे एक नेहमीचं कारण असतं. दुसरं कारण म्हणजे ड्रेन पाइप तुंबणे, त्याच्याकडे पुढे येऊ.

इन्व्हर्टर एसीत गोष्ट जरा फसवी असते. कॉईल फार थंड पडतेय हे त्यातल्या सेन्सरला कळतं आणि बर्फ होऊ नये म्हणून तो कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो. मग बर्फही दिसत नाही, पाणीही गळत नाही, फक्त खोली थंड होत नाही. घरातला माणूस रिमोट हातात घेऊन २४ वरून २०, २० वरून १८ करतो. त्याचा काहीच उपयोग नसतो. रिमोटवरचा आकडा म्हणजे कुठे थांबायचं ते ठिकाण. तो खाली आणला म्हणून तुंबलेल्या जाळीतून जास्त हवा जात नाही.

आणि बिल? अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या म्हणण्यानुसार घाण फिल्टर बदलून स्वच्छ टाकला तर एसीचा विजेचा वापर ५ ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. आकडा तिकडच्या यंत्रणांचा आहे, आपल्याकडे तंतोतंत तोच लागेल असं नाही. पण दिशा तीच. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालताना तासाला साधारण दीड युनिट खातो. खोली ठरलेल्या तापमानाला पोचली की तो सुस्तावतो आणि खरी बचत तिथे होते. जाळी तुंबली की ती वेळच येत नाही, एसी रात्रभर राबत राहतो. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर वाढत जातात. त्यामुळे २९० वर थांबणारं बिल ३४० वर गेलं तर वरच्या ४० युनिटना महागडा दर लागतो.

फिल्टर की गॅस: ओळखायचं कसं

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत असतो, स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. "दरवर्षी थोडा गॅस टाकावाच लागतो" असं कोणी म्हणालं तर गळती कुठे आहे ते विचारा.

ओळखण्यासाठी एसी १६ किंवा १८ अंशांवर आणि पंखा सर्वांत वेगावर ठेवून १५-२० मिनिटं चालवा. मग झडपेसमोर हात धरा. हवेचा जोर कमी, पण जी येते ती चांगली गार, असं असेल तर संशय जाळीवर. हवेचा जोर भरपूर, पण ती नुसतीच पंख्यासारखी, तर संशय गॅसवर किंवा कॉम्प्रेसरवर. हाताचा अंदाज पटत नसेल तर वर्तमानपत्राची पट्टी धरून बघा. स्वच्छ जाळी असताना ती किती फडफडते हे एकदा लक्षात ठेवलं की पुढे फरक लगेच कळतो.

घरात वायर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर असेल तर अजून चांगलं. वरून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं आणि खाली सोडल्या जाणाऱ्या हवेचं तापमान मोजा. पूर्ण ताकदीने चालणाऱ्या धडधाकट एसीत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक दिसतो. ३-४ अंशच दिसला तर मेकॅनिक बोलवा. (तापाचा थर्मामीटर लावू नका, त्याला इतकं खालचं तापमान दाखवताच येत नाही. आमच्याकडे हा प्रयोग झालेला आहे.)

एक अडचण मात्र आहे. गॅस खूप कमी झाला तरीही कॉईलवर बर्फ धरतो, आणि बर्फ धरला की हवेचा जोरही कमी होतो. मग दोन्ही लक्षणं सारखीच दिसतात. म्हणून बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून एक-दोन तास नुसत्या फॅन मोडवर चालवा, बर्फ पूर्ण वितळू द्या, जाळी धुवा आणि मग परीक्षा घ्या. स्वच्छ जाळी असूनही बर्फ परत आला तर मेकॅनिकला बोलवणं योग्यच. आउटडोअर युनिटला जिथे तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात त्या नटांपाशी तेलकट डाग दिसत असेल तर तेही गळतीचं लक्षण आहे, मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

तिसरी शक्यताही सांगून ठेवतो: काहीच बिघडलेलं नसू शकतं. एसीची क्षमता मोजण्याच्या प्रमाणित चाचणीत बाहेरचं तापमान ३५ अंश धरलेलं असतं. आपल्याकडे नांदेड-लातूर पट्ट्यात मेच्या दुपारी ४२ च्या पुढे पारा जातो, तेव्हा तोच एसी तेवढा थंडावा देऊ शकत नाही. वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला, दुपारी तीन वाजता घेतलेली परीक्षा एसीवर अन्याय करणारी ठरते. रात्री नऊनंतर घ्या.

जाळी काढणे आणि धुणे

पहिलं काम म्हणजे वीज बंद. नुसता रिमोटने बंद केलेला एसी चालत नाही, त्याचा एमसीबी किंवा स्विच खाली पाडा. हलणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढू नका, पक्का स्टूल घ्या आणि कोणाला तरी खाली उभं करा. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, कारण जाळी निघताना धूळ पडणारच.

इनडोअर युनिटच्या पुढच्या झाकणाला दोन्ही टोकांना बोट घालायला खाच असते. दोन्ही बाजूंनी एकदम उचललं की ते वर अडकून राहतं. आत डाव्या-उजव्या बाजूला दोन जाळ्या दिसतील. खालचं टोक जरा वर ढकलून पुढे वाकवा आणि खाली ओढा, जाळी निघते. काही नव्या मॉडेलमध्ये जाळी युनिटच्या डोक्यावर असते आणि झाकण न उघडता वरूनच सरकते. जोर लावावा लागत असेल तर दिशा चुकतेय, असं समजा. त्या प्लास्टिकच्या चिमट्या एकदा तुटल्या की जाळी खडखड वाजत राहते.

जाळीवर किंवा तिच्या मागे छोट्या पट्ट्या बसवलेल्या असतील, काळ्या, हिरव्या, निळ्या, तर त्या आधी काढून बाजूला ठेवा. काळी पट्टी बहुधा कार्बनची असते, वास शोषण्यासाठी. ती पाण्यात घातली की कामातून जाते. अशा पट्ट्या ठरावीक काळाने बदलायच्या असतात. मिळत नसतील तर त्यांच्याशिवाय एसी व्यवस्थित चालतो. मोठ्या जाळीशिवाय मात्र एक दिवसही चालवू नका. कॉईल ओली असते, तिच्यावर थेट धूळ बसली की चिखल होतो आणि तो काढायला जेट पंपाची सर्व्हिसच लागते.

धूळ कोरडी असतानाच आधी अंगणात हलकेच झटका किंवा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर धुळीच्या बाजूने फिरवा. मग पाणी. इथे बहुतेक जण चुकतात. धूळ बसलेल्या बाजूने नळाची धार सोडली तर ती जाळीच्या छिद्रांत आणखी घट्ट बसते. पाणी उलट्या बाजूने, म्हणजे कॉईलकडच्या स्वच्छ बाजूने सोडा. धूळ ज्या वाटेने आली त्याच वाटेने निघून जाते. स्वयंपाकघराजवळच्या खोलीत फोडणीचा तेलकट धूर आणि देवघराजवळ उदबत्तीची काजळी जाळीला चिकटते. ती नुसत्या पाण्याने जात नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकून दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा. कडक गरम पाणी, ॲसिड, धुण्याचा सोडा, तारेची घासणी, यातलं काहीही नको.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडे प्रश्न दुहेरी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. जाळी धुवायला वाहता पाइप लागत नाही, अर्धी बादली आणि एक मग पुरतो. दुसरं म्हणजे बोअरचं पाणी जड. त्याने धुतलेली जाळी वाळली की पांढरे क्षार छिद्रांत उरतात, आणि दोन-तीन वर्षांत स्वच्छ जाळीही अर्धी बुजलेली दिसते. यावर फुकटचा उपाय एसीतच आहे. ड्रेन पाइपमधून पडणारं पाणी म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. ते बादलीत साठवा आणि शेवटचा हात त्या पाण्याने फिरवा. उरलेल्या पाण्याने फरशी पुसा. पिऊ नका, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. आमच्याकडे बरेच जण घालतात, पण त्यात कॉईलवरची धूळ आणि धातूचा अंश असतो. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरच हवं.

बाय द वे, एप्रिल-मेमध्ये ड्रेनमधून पाणी फारच कमी पडतं म्हणून घाबरू नका. हवाच कोरडी असते. जूनमध्ये पाऊस लागला की तोच एसी बादली भरतो.

जाळी सावलीत वाळवा. देगलूरच्या मेच्या उन्हात प्लास्टिकची चौकट तासाभरात वाकडी होते आणि मग खाचेत बसत नाही. सावलीत पंख्याखाली ठेवली तरी लवकर वाळते. ओली जाळी लावली तर धूळ दुप्पट वेगाने चिकटते आणि कुबट वास सुटतो. काही एसींवर फिल्टर साफ करण्याची आठवण देणारा दिवा लागतो. जाळी धुतली तरी तो आपोआप विझेलच असं नाही, रिमोटवरून रीसेट करावा लागतो. पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

जाळी वाळेपर्यंत एवढं बघून घ्या

झाकण उघडंच आहे तर मोबाइलचा टॉर्च कॉईलवर मारा. पत्रे चमकताना दिसले तर ठीक. वर हलकी धूळ असेल तर मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने वरून खाली फिरवा, आडवा नाही. हे पत्रे कागदासारखे वाकतात आणि बोटही कापतात. काळपट थर असेल किंवा आतल्या गोल ब्लोअरवर काळी बुरशी दिसत असेल तर तिथे घरगुती उपाय थांबतात. बाटलीने पाणी मारायला जाऊ नका, बाजूलाच सर्किट बोर्ड असतो. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, मेकॅनिक मोकळे असताना पूर्ण सर्व्हिस करून घ्यावी. मेमध्ये तीच सर्व्हिस घाईत होते.

ड्रेन पाइपचं बाहेरचं टोक बघा. ते वर वळलेलं किंवा बादलीतल्या पाण्यात बुडालेलं नसावं. आत शेवाळासारखा चिकट थर साचला की पाणी खोलीत उलटतं.

आउटडोअर युनिटलाही धूळ लागतेच. त्याला फिल्टर नसतो, मागची कॉईल उघडी असते. आमच्या भागात सोयाबीन आणि तुरीच्या मळणीचा भुसा, कापसाचे तंतू, नांदेड-हैदराबाद रस्त्याची धूळ, सगळं तिथे जाऊन बसतं. एमसीबी बंद करून, साध्या नळाच्या धारेने, दाब न लावता धुता येतं. पण ते गच्चीवर हाताशी असेल तरच. भिंतीला बाहेर टांगलेल्या युनिटसाठी खिडकीतून वाकू नका. झाकणाचे स्क्रू उघडून आत हात घालणंही नको, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही करंट शिल्लक असतो.

किती दिवसांनी?

बहुतेक कंपन्या दोन आठवडे म्हणतात. रोज रात्री सात-आठ तास एसी चालत असेल तर देगलूर, मुखेड, उदगीर पट्ट्यासाठी ते बरोबर आहे. घर रस्त्याला लागून असेल, शेजारी बांधकाम असेल किंवा घरात कापसाच्या गाद्या आणि रोज झाडलोट असेल तर आठ-दहा दिवस धरा. आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. दिवसा कूलर आणि रात्री एसी, एकाच खोलीत. कूलर चालवायला खिडकी उघडी लागते, त्यातून धूळ येते आणि पॅडमधल्या गवताचे तुकडे उडतात. रात्री एसी ते सगळं ओढतो. अशा घरात जाळी आठवड्यात भरलेली मी पाहिली आहे. आणि दोन्ही एकदम तर चालवूच नका. कूलर हवेत ओलावा भरतो आणि एसीची ताकद तो ओलावा काढण्यातच जाते.

एक गैरसमजही काढून टाकू. ही जाळी फक्त मोठी धूळ, केस, तंतू अडवते. बारीक धूर आणि सूक्ष्म कण तिच्यातून आरपार जातात. तेव्हा जाळी स्वच्छ म्हणजे हवा शुद्ध असं समजू नका. दम्याचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर एअर प्युरिफायर हा वेगळा विषय आहे. अशा माणसाने जाळी स्वतः झटकू नये, आणि बाकीच्यांनीही तोंडाला रुमाल बांधावा.

मेकॅनिक बोलवावाच लागला तर

आधी जाळी धुऊन ठेवा, म्हणजे त्या कारणाचा प्रश्नच उरत नाही. गॅस कमी आहे म्हणाला तर गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. गळती बंद करणं, मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओलावा काढणं, मग गॅस, हा क्रम असतो. आउटडोअर युनिटच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेलं असतं. आर-३२ सारखा गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो, अंदाजाने नाही, कारण जास्त भरला तरी एसी कमीच थंड करतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. आर-३२ थोडाफार ज्वलनशीलही आहे, त्यामुळे काम चालू असताना जवळ विडी-सिगारेट नको. हे प्रश्न भांडणाच्या सुरात विचारायची गरज नाही. चहा देता देता विचारले तरी चालतात, आणि चांगला मेकॅनिक खुशीने उत्तरं देतो.

पावसाळ्यात एसी बंद करताना

शेवटच्या दिवशी दोन-तीन तास नुसता फॅन मोड चालवा, कॉईल कोरडी होते. जाळी धुऊन, वाळवून जागेवर लावा आणि एमसीबी बंद ठेवा. आउटडोअर युनिटला प्लास्टिकने गच्च गुंडाळू नका, आत ओल धरते आणि उंदरांना आयता निवारा मिळतो. पुढच्या मार्चमध्ये चालू करण्याआधी तिथे गांधीलमाशांचं पोळं, कुरतडलेल्या वायरी आणि पाली आहेत का ते बघा. सर्किट बोर्डावर पाल चिकटून बोर्ड जळणं हा आपल्याकडचा नेहमीचा बिघाड आहे, आणि तो गॅसपेक्षा महाग पडतो. मी जाळी धुतल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहितो. घरात कोणी म्हणालं "एसी कमी थंड करतोय", तर आधी झाकण उचलून ती तारीख वाचतो.